स्वतःची साइट आणि संपादकाची खुर्ची

पत्र, थोडक्यात : एका वाचक ताईंना घरच्या घरी दुर्बिणी बनवण्याचा नाद आहे. आरसे स्वतः घासतात आणि त्याबद्दलची एक साइट पाच वर्षं चालवतात. शिवाय रात्री जागून रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं अशा ताऱ्यांच्या, तेजाच्या नोंदी ठेवतात. स्वयंसेवक चालवत असलेल्या एका वेब डिरेक्टरीला (म्हणजे साइटच्या विषयवार यादीला) त्यांनी वर्षापूर्वी आपली साइट सुचवली. ती अजून यादीत आलेली नाही. शेवटी कंटाळून त्यांनी तिथे संपादक होण्यासाठीच अर्ज केला, तोही अख्ख्या खगोलशास्त्र विभागासाठी. आठवड्याभरात दोन ओळींचा नकार आला, नेमकं कारण न देता. एक मित्र म्हणतो, "पुन्हा अर्ज कर, पण साइट तुझी आहे हे लिहू नकोस. एकदा आत शिरलीस की स्वतःच टाकून घे." यजमान म्हणतात, "गूगल असताना याद्या बघतं कोण? फुकटची हमाली." ताई विचारतात : पुन्हा अर्ज करावा का? केला तर साइटचं सांगावं का? आणि मुळात आपला हेतू स्वार्थी असेल तर स्वतःला स्वयंसेवक म्हणवून घेणं हे ढोंग नाही का?

ताई,

पत्रासोबत तुम्ही जुना अर्जही जोडलात, साइटचा पत्ताही दिलात, त्यामुळे माझं काम सोपं झालं. पत्ता अर्थातच इथे छापत नाही. आधी माझ्याबद्दलही एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असलेली बरी. मी स्वतः काही वर्षं अशाच एका डिरेक्टरीत संपादक होते आणि शेवटी शेवटी नवे अर्ज तपासणाऱ्यांतही होते. म्हणजे तुम्हाला जो दोन ओळींचा नकार आला, तसले नकार मी ढिगाने पाठवलेत. तेव्हा माझा सल्ला टेबलाच्या पलीकडच्या बाजूने आलेला आहे असं धरूनच वाचा.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचा सगळा गुंता तिथूनच सुरू झालाय. हेतू स्वार्थी असेल तर ते ढोंग का? मी वाचलेल्या अर्जांत निव्वळ परोपकारापोटी आलेला एकही अर्ज मला आठवत नाही. कुणाचं तिकिटांचं छोटं दुकान होतं, कुणाच्या गिर्यारोहण क्लबाची साइट होती, कुणाला आपल्या लाडक्या विषयाची यादी इतकी भिकार दिसत होती की रागाने अर्ज केला होता. (हे रागावलेले लोक पुढे फार चांगले संपादक झाले, हे जाता जाता.) ज्याला विषयात काही पडलेली नाही, तो कशाला रात्री बसून दुसऱ्यांच्या साइटची वर्णनं लिहील? विषयात जीव असलेल्या माणसाची त्या विषयावर स्वतःची साइट असणं हे नवल नव्हे. अर्ज तपासणाऱ्याला तर ते गृहीतच असतं. म्हणून तर फॉर्ममध्ये 'तुमचा कोणकोणत्या साइटशी संबंध आहे?' असा रकाना असतो. तुम्हाला तो रकाना सापळ्यासारखा वाटला, असं तुम्ही लिहिलंय. तो तसा का वाटतो ते मला कळतं, पण तो तिथे कसा आला ते सांगते.

जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी काही सहकाऱ्यांसोबत 'ग्नूहू' नावाची डिरेक्टरी सुरू केली. तेव्हा याहूची डिरेक्टरी सगळ्यांत मोठी होती, पण पगारी माणसांनी वेबच्या वाढीशी शर्यत लावायची म्हणजे अवघडच होतं. यांची कल्पना अशी, की ज्याला जो विषय येतो त्याने तो कप्पा सांभाळावा, फुकट. 'ग्नू' हे मुक्त सॉफ्टवेअरच्या एका प्रकल्पाचं नाव, म्हणून आधी त्या मंडळींनी हरकत घेतली, म्हणून ते 'न्यूहू' झालं, मग त्यातल्या 'याहू'पणावर याहूने नाक मुरडलं. त्याच वर्षी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे ती ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट किंवा 'डीमॉझ' म्हणून ओळखली गेली. इथवर सगळं गोड होतं. मग २००० मध्ये गूगलने हीच यादी उचलून स्वतःची डिरेक्टरी थाटली, जी २०११ पर्यंत चालली. इतर कित्येक साइटही यादी जशीच्या तशी वापरत होत्या, कारण ती सगळ्यांना खुली होती. म्हणजे एका स्वयंसेवकाने एका कप्प्यात घातलेली एक ओळ शेकडो ठिकाणी उमटायची, आणि सर्च इंजिनांच्या लेखी त्या साइटचं वजन वाढायचं. झालं! ज्यांना विषयाशी काही देणंघेणं नाही, पण एका लिंकचा भाव कळतो, अशांचे अर्ज सुरू झाले. आत शिरायचं, आपली किंवा गिऱ्हाइकाची साइट घालायची, जमल्यास स्पर्धकाची काढायची, आणि गप्प बसायचं.

तुमचा मित्र तुम्हाला नेमकं हेच करायला सांगतोय. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, पण त्याची ही युक्ती पंचवीस वर्षं जुनी आहे आणि अर्ज तपासणारे तितकीच वर्षं तिला ओळखतात. तुमच्या साइटवर संपर्कासाठी जो ईमेल आहे, तोच तुम्ही अर्जातही दिला होता, हे तुमच्या लक्षात आलं का? साइट सुचवतानाही तोच. आणि समजा वेगळा ईमेल वापरून आत शिरलात, तरी अशा डिरेक्टऱ्यांत कोणी काय घातलं, काढलं, बदललं याची नोंद राहते आणि ती इतर संपादकांना दिसते. नव्या संपादकाने पहिल्याच दिवशी एकाच साइटला हात लावला, की जुन्या लोकांच्या भुवया वर जातात. मग खातं बंद होतं, आणि साइटचं नाव त्या मंडळींत कायमचं खराब होतं. ज्या साइटसाठी एवढा खटाटोप केला, तिचंच नुकसान.

नियम काय सांगतात तेही बघा. डीमॉझमध्ये संपादकाने स्वतःची साइट यादीत घालायला बंदी नव्हती. बंदी होती ती स्वतःच्या साइटला झुकतं माप द्यायला आणि दुसऱ्याची अडवायला. संबंध असणं चालत होतं, तो लपवणं चालत नव्हतं. तुम्ही पुन्हा अर्ज करणार असाल तर फॉर्म भरण्याआधी त्या डिरेक्टरीचे आजचे नियम वाचून घ्या, पण या बाबतीत फार वेगळं काही सापडेल असं मला वाटत नाही.

आता त्या वर्षभराच्या वाट पाहण्याबद्दल. तुमच्या पत्रात 'मला डावललं', 'रांगेत मागे ढकललं' असे शब्द आहेत. ताई, तिथे रांग नसते. सुचवलेल्या साइट एका ढिगात पडतात आणि संपादक त्यातून हवी ती, हवी तेव्हा उचलतो. आधी आलेली आधी तपासली पाहिजे असा काही दंडक नाही. किंबहुना ढीग न बघता स्वतः शोधून साइट घातल्या तरी चालतं, आणि पुष्कळ संपादक तेच पसंत करतात, कारण ढिगात निम्मा कचरा असतो. शिवाय ज्या कप्प्याला संपादकच उरलेला नाही, तिथला ढीग वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. वरच्या विभागाचा संपादक अधूनमधून खाली डोकावतो तेवढंच. तुमच्या साइटवर कुणी 'नको' असा शेरा मारलेला असण्यापेक्षा ती कुणी उघडूनच पाहिलेली नसण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. तुम्ही वर्षभर ज्या माणसावर रागावलात, तो बहुधा त्या खुर्चीत नव्हताच!

आणि म्हणूनच तुमच्या जुन्या अर्जाने मला हसू आलं, माफ करा. ढीग उपसायला माणूस नाही, तुम्ही माणूस व्हायला तयार आहात, आणि तरीही नकार. का? अर्ज पुन्हा नजरेखालून घाला.

तुम्ही अख्खं खगोलशास्त्र मागितलंत. पाच वर्षांचा अनुभव आहे, मग लहानसा कप्पा मागणं म्हणजे स्वतःला कमी लेखणं, असं तुम्हाला वाटलं असावं. पण संपादकाला एक कॅटेगरी, म्हणजे एक कप्पा, मिळते तेव्हा तिच्या खालच्या सगळ्या पोटकॅटेगऱ्यांच्या किल्ल्याही मिळतात. खगोलशास्त्र म्हणजे आकाशगंगांपासून वेधशाळांपर्यंत सगळं. नव्या माणसाच्या हातात हे कुणी देत नाही, मग तो खगोलशास्त्राचा प्राध्यापक का असेना, कारण प्रश्न खगोलशास्त्र येतं का हा नसतोच. या घरात भांडी कुठे ठेवतात ते माहीत आहे का, हा असतो. डीमॉझ बंद पडली तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून जास्त साइट होत्या आणि कॅटेगऱ्या १० लाखांवर. भागाकार करा : एका कॅटेगरीत सरासरी चारसुद्धा साइट येत नाहीत. म्हणजे ज्या कामाला तुम्ही 'विभागप्रमुख' समजत होतात, ते बहुतेकांसाठी दहा-वीस साइटच्या एका फळीवरची धूळ पुसण्याचं काम आहे. ती फळी नीट ठेवली की शेजारची मिळते, मग वरची. मोठे संपादक तसेच मोठे झाले.

मग नमुन्याच्या साइट. फॉर्ममध्ये बहुधा अशा दोन-तीन साइट मागतात, ज्या त्या कॅटेगरीत बसतात पण अजून तिथे नाहीत, शीर्षक आणि वर्णनासकट. तुम्ही दिल्या त्या : तुमची स्वतःची, तुमच्यासोबत आरसे घासणाऱ्या मैत्रिणीची, आणि नासाची. ताई, नासा! नासा त्या यादीत नाही असं तुम्हाला खरंच वाटलं होतं? तपासणाऱ्याला यातून दोनच गोष्टी कळल्या असणार, की या बाईंनी कॅटेगरी उघडून पाहिलेली नाही, आणि उरलेल्या दोन साइट घरच्याच आहेत. नमुने मागण्यामागचा हेतू साइट मिळवणं हा नसतोच मुळी. तुम्ही शोधता कशा, ओळखीच्या चार नावांपलीकडे जाता का, हे बघायचं असतं. रूपविकारी ताऱ्यांसाठी अर्ज केलात तर १९११ पासून या निरीक्षकांना एकत्र आणणाऱ्या अमेरिकन संघटनेचं नाव देऊ नका, ते पहिल्या दिवसापासून तिथे असणार. त्याऐवजी कुणा एकट्या माणसाने दहा वर्षं एकाच ताऱ्याचे प्रकाशवक्र (तेज कसं बदलत गेलं त्याचे आलेख) काढून ठेवलेत, अशी साइट शोधा. अशा साइट तुम्हाला माहीत आहेत, मला नाहीत, आणि तिथेच तुमची किंमत आहे.

आता वर्णन. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते अर्जाचा निकाल नव्वद टक्के इथे लागतो. तुम्ही स्वतःच्या साइटबद्दल लिहिलं होतं :

"हौशी खगोलप्रेमींसाठी दुर्बिणी बनवण्याची एकमेव, परिपूर्ण आणि अतिशय सोप्या भाषेतली साइट. आम्हाला नक्की भेट द्या!"

हे वाक्य झाकून कुठल्याही साइटखाली चिकटवा. 'दुर्बिणी'च्या जागी 'पतंग' घाला, 'पियानो' घाला, काही बिघडत नाही. जे वाक्य कुठेही चिकटतं ते वर्णन नसतं, जाहिरात असते. आता मी तुमची साइट तासभर चाळून लिहिलेलं बघा :

"सहा इंची न्यूटोनियन दुर्बिणीचा आरसा हाताने घासण्याच्या पायऱ्या, फूको चाचणीची छायाचित्रं आणि डॉब्सोनियन बैठकीचे आराखडे."

यात कौतुकाचा एकही शब्द नाही. तरीही आरसा घासायला बसलेला माणूस यावर धावत येईल, आणि ज्याला दुर्बीण विकत घ्यायचीय तो न येता पुढे जाईल. दोघांचाही वेळ वाचला. एवढंच काम आहे त्या एका ओळीचं. साइटवर काय आहे ते सांगायचं, ती कशी आहे ते सांगायचं नाही. 'आम्ही' नको, 'भेट द्या' नको, उद्गारचिन्ह तर नकोच. शीर्षकात साइटचं जे नाव आहे तेच घालायचं, त्यापुढे 'सर्वोत्तम' वगैरे शेपूट लावायचं नाही, आणि शीर्षकात आलेलं पुन्हा वर्णनात उगाळायचं नाही. माझ्या पहिल्या महिन्यात मी एका साइटला 'सुंदर छायाचित्रं' असं लिहिलं होतं. एका वरिष्ठ संपादकाने त्यातलं 'सुंदर' खोडलं आणि कशाची छायाचित्रं ते लिहायला सांगितलं. मला दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी मी माझी आधीची चाळीस वर्णनं उघडली आणि त्यातली एकोणतीस बदलली.

या एका ओळीचं वजन कधीकाळी किती होतं, त्याचा एक किस्सा. सर्च इंजिनं निकालाच्या यादीत साइटच्या नावाखाली कधीकधी डीमॉझच्या संपादकाने लिहिलेलं वर्णनच दाखवायची. साइटच्या मालकांना आपली भडक जाहिरात सोडून ती कोरडी ओळ दिसलेली खपेना. शेवटी २००६ मध्ये 'डिरेक्टरीचं वर्णन वापरू नका' असं सांगणारा एक खास टॅग निघाला. डीमॉझ गेल्यावर २०१७ मध्ये गूगलने तो टॅग मोडीत काढला. तुमच्या त्या 'एकमेव आणि परिपूर्ण'ची भूक इतकी जुनी आहे, तेव्हा फार लाजू नका.

तर मग काय करायचं? तुमच्यापुढे एक सरळ वाट अशी, की आरसे घासण्याच्याच कॅटेगरीसाठी अर्ज करायचा, साइट माझी आहे असं उघड लिहायचं आणि निकालाची वाट बघायची. यात गैर काही नाही. पण माझं मत विचाराल तर तिथे अर्ज करू नका. शेजारच्या कप्प्यासाठी करा. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी तुम्ही ठेवताच, त्या निरीक्षणाचा एखादा लहान कप्पा निवडा. आरशांच्या साइटचा त्याच्याशी संबंध येत नाही, त्यामुळे अर्ज तपासणाऱ्याच्या मनातली पाल आपोआप गप्प होते. आणि दुसरं, हे महत्त्वाचं, तुमच्याही मनातली. तुम्ही 'ढोंग' हा शब्द वापरलात. जोवर तुमच्या हातात तुमच्याच साइटचा निर्णय आहे, तोवर प्रत्येक वेळी शेजारची साइट नाकारताना तो शब्द तुम्हाला छळणार. तो निर्णय हातात घेऊच नका. सहा महिन्यांनी तिथल्या लोकांशी ओळख झाली की एखाद्या वरिष्ठ संपादकाला खुशाल विचारा, 'माझी एक साइट ढिगात पडून आहे, सवडीने बघाल का?' असं विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही सगळ्यांनी विचारलंय.

साइटच्या संबंधाच्या रकान्यात मात्र ती लिहाच, जरी ती वेगळ्या कॅटेगरीतली असली तरी. लांबण नको. असं लिहा : 'दुर्बिणीचे आरसे घासण्याबद्दलची एक साइट मी चालवते (पत्ता). ती या कॅटेगरीत बसत नाही. ती योग्य जागी सुचवून झाली आहे, तिचा निर्णय दुसऱ्या संपादकाने घ्यावा. याशिवाय एका मैत्रिणीच्या साइटला मी लेख देते (पत्ता).' बस. खुलासे नकोत, 'माझा हेतू प्रामाणिक आहे' हेही नको. ते वाक्य जिथे जिथे दिसायचं तिथे तिथे मी चष्मा पुसून अर्ज पुन्हा वाचायची.

कारणाच्या रकान्यातही जपून. मागच्या वेळी तुम्ही 'समाजात विज्ञानाचा प्रसार व्हावा ही तळमळ' असं लिहिलं होतं. तळमळ असेल, पण तिने कप्पा साफ होत नाही. कॅटेगरी उघडा, प्रत्येक लिंकवर क्लिक करा, आणि जे दिसलं ते लिहा : या यादीतल्या इतक्या लिंक बंद आहेत, ही एक साइट विषय बदलून भलतीकडे गेलीय, आणि अमुक प्रकारच्या साइट इथे मुळीच नाहीत, त्या मी घालू शकते. असा अर्ज मी तरी क्वचितच नाकारला असता. कारण तो अर्ज उरतच नाही, काम सुरू झालेलं असतं. शुद्धलेखन तपासा हे सांगायला नको, पण सांगते, कारण तुमच्या जुन्या अर्जात 'दुर्बीण' तीन प्रकारे लिहिलीय.

ज्यांची साइट एकाहून जास्त भाषांत आहे, आणि तुमचीही आहे, त्यांच्यासाठी थोडं. डीमॉझमध्ये भाषांचे विभाग वेगळे होते, सुमारे ९०, आणि साइट कुठे जाणार ते तिच्या भाषेवरून ठरायचं, मालकाच्या देशावरून नाही. दोन भाषांतली साइट दोन्ही विभागांत जाऊ शकायची. ज्या भाषांत संपादक मोजके, तिथे माणसांची गरज जास्त असते. त्यामुळे तुम्ही ज्या भाषेत सहज लिहिता, तिच्या विभागातला कप्पा आधी बघा. तिथे तुमचं वर्णन नैसर्गिकही होईल.

आता यजमानांचं म्हणणं. ते निम्मं खरं आहे, आणि तो निम्मा भाग झाकून तुम्हाला अर्ज करायला लावणं बरं नाही. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या डिसेंबरात बंद झाली. डीमॉझ १७ मार्च २०१७ ला बंद झाली, सुरुवातीपासून ९० हजारांवर संपादकांचे हात लागलेली. तिच्याच जुन्या संपादकांनी पुढे 'कर्ली' या नावाने ती यादी चालू ठेवलीय, आणि एखाददुसऱ्या विषयाच्या लहान डिरेक्टऱ्याही आहेत, पण आज माणूस काही शोधायचं तर तिथे जात नाही. यादीत आल्यावर साइटवर गर्दी होईल, ही तुमची आशा मला भाबडी वाटते. महिन्याला चार माणसं येतील. फक्त ती चार माणसं आरसा घासणारीच असतील. हे तुम्हाला पुरेसं वाटत नसेल, तर पुन्हा अर्ज करू नका आणि ते तास साइटवरच घालवा. मी हे मनापासून म्हणतेय. संपादक न होणं हाही चांगला निर्णय असू शकतो, विशेषतः अर्जाचं मुख्य कारण वर्षभराचा राग हेच असेल तर. राग साइट लागली की संपतो, आणि त्याबरोबर कामही. अशी मी डझनभर खाती पाहिलीत, स्वतःची एक साइट घालून कायमची झोपलेली. डीमॉझमध्ये तर चार महिन्यांत एकही बदल केला नाही तर खातं बंदच व्हायचं.

पण यजमानांनी 'हमाली' म्हटलं ते मला पटलं नाही. एक मधला मार्ग सुचवते, ज्याने तुम्हालाच कळेल ही हमाली आहे की नाही. अर्ज करायच्या आधी एक महिना तुमच्या साइटवरच 'इतरत्र' असं एक पान करा. रूपविकारी ताऱ्यांबद्दलच्या वीस साइट शोधा आणि प्रत्येकीखाली वर सांगितलं तसं एका ओळीचं वर्णन लिहा, कौतुकाविना. वीसच. बाराव्यापर्यंत तुम्हाला कंटाळा आला तर तुमचं उत्तर मिळालं, कुणाला विचारायची गरज नाही. आणि विसाव्यानंतर एकविसावी शोधायला हात शिवशिवला, तर अर्ज करा. नमुने तोवर तयारच असतील. शिवाय अर्ज पुन्हा नाकारला गेला तरी ते पान तुमचं आहे, ते कुणी काढू शकत नाही. माझं स्वतःचं सगळ्यांत समाधान देणारं काम अशाच एका पानावर झालं, डिरेक्टरीत नव्हे.

अर्ज मंजूर झाला तर पहिला महिना नवी साइट घालूच नका. बंद लिंक काढा, वर्णनं दुरुस्त करा, चुकीच्या कप्प्यात पडलेल्या योग्य जागी पाठवा. डीमॉझमध्ये बंद लिंक शोधायला 'रोबोझिला' नावाचा एक यांत्रिक मदतनीस होता, पण त्याला न उघडणारं पान तेवढं कळायचं. जुन्या खगोल मंडळाचं नाव कुणीतरी विकत घेऊन तिथे जुगाराची साइट बसवलीय, हे त्याला कसं कळणार? पान तर उघडतंय! ते बघायला माणूसच लागतो. अशी एक साइट मी ज्या दिवशी पकडली त्या दिवशी मला झालेला आनंद घरात कुणालाच समजला नव्हता, तुमच्याकडेही समजणार नाही, तयारी ठेवा.

दुसऱ्यांदाही नकार आला तर? येऊ शकतो. तपासणारे स्वयंसेवकच असतात, रात्री अकराला दिवसातला पंधरावा अर्ज वाचत असतात आणि चुकतात. मी चुकलेय. अशा वेळी रागाने उत्तर पाठवू नका आणि त्याच रात्री तिसरा अर्जही करू नका. नकाराच्या मजकुरात नेमकं कारण नसलं तरी सर्वसाधारण कारणांची जंत्री असते. ती मित्राला नव्हे, मैत्रिणीला वाचायला द्या, अर्जासोबत, आणि यातलं कुठलं कारण तुला लागू वाटतं ते विचारा. मग आणखी लहान कप्पा निवडून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करा. आधीच्या नकाराचा डाग राहत नाही. उलट दोन अर्जांतला फरक दिसला की तपासणाऱ्याला बरंच वाटतं.

आणि हो, तुमची साइट चाळताना दिसलं म्हणून सांगते. फूको चाचणीच्या पानावरची तिसरी लिंक, ती 'आरशाच्या कडेची सावली कशी ओळखायची' म्हणून दिलेली, ती आता एका चपलांच्या दुकानात नेते. अर्ज पाठवायच्या आधी तेवढी काढून टाका.